बोट दाखवू नकोस

चि. भाचीस,


पिल्लू पाच महिन्यांचं झालं, बसायला-थांबायला शिकलं आणि आता त्याला वासाचे खेळ शिकवायचे, माग काढायला शिकवायचं असं तू ठरवलं आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस: सुरुवात कशी करू आणि त्याला मदत किती करू. पहिलीचं उत्तर सोपं आहे, ते पुढे ओघात येईल. दुसरीसाठी मात्र हे सगळं पत्र खर्ची पडणार आहे, कारण या शिक्षणात जे काही बिघडतं त्यातलं बहुतेक मदतीमुळेच बिघडतं, असं माझं ठाम मत आहे. ‘बस’ म्हटल्यावर बसणं, दार उघडलं तरी बाहेर न धावणं, या गोष्टींत उत्तर तुला ठाऊक असतं आणि पिल्लाला नसतं, म्हणून तू शिकवतेस आणि ते शिकतं. वासाच्या खेळात हे नातं उलटं होतं. खाऊ कुठल्या कपाटामागे आहे हे तुला माहीत असतं ते केवळ तू तो तिथे ठेवलास म्हणून. वास तिथून कसा पसरला, खिडकीच्या वाऱ्याने तो कुठे सरकला, कुठल्या कोपऱ्यात साचला, हे तुला कधीच कळणार नाही. ते त्याला कळतं. ज्या विषयात विद्यार्थ्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं, तो विषय शिकवण्याची रीत वेगळी असते: प्रश्न नीट मांडायचा आणि गप्प राहायचं.

कुत्र्याच्या नाकाबद्दल बोलताना लोक आधी आकडे सांगतात. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून अधिक, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. मला मात्र त्याहून मोलाची वाटते ती नाकाची घडण. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या अभियंत्यांनी कुत्र्याच्या नाकातून हवा कशी वाहते याचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. आत ओढलेल्या हवेला तिथे दोन वाटा फुटतात. मोठा प्रवाह फुप्फुसांकडे जातो आणि साधारण आठवा हिस्सा वरच्या वाटेने नाकाच्या मागच्या एका वेगळ्या कप्प्यात शिरतो. गंधपेशींची दाटी त्याच कप्प्यात असते. बाहेर पडणारी हवा नाकपुड्यांच्या कडेच्या चिरांमधून बाजूला फेकली जाते, त्यामुळे समोरचा वास उधळून जात नाही. हुंगणं ही श्वासाहून वेगळी क्रिया आहे, सेकंदाला चार-सहा वेळा होणारी, आणि ती करताना कुत्रा खरोखर कामात असतो. पिल्लू रस्त्यात एका खांबापाशी अर्धा मिनिट घुटमळलं की आपण पट्टा ओढतो. ती ओढ म्हणजे वाचणाऱ्याच्या हातातून पुस्तक काढून घेणं आहे.

आता ज्या प्रयोगामुळे मी इतक्या ठामपणे बोलते आहे तो सांगते. १९९३ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी शिकवून तयार केलेल्या चार जर्मन शेफर्ड कुत्र्यांना माणसाच्या मागावर आडवं आणून सोडलं. माणूस डावीकडे गेला की उजवीकडे, हे कुत्र्यालाच ठरवायचं होतं. त्यांच्या वागण्याचे तीन टप्पे स्पष्ट दिसले. आधी शोध: भरभर चालत, नाक जमिनीजवळ ठेवून माग सापडेपर्यंत. मग निर्णय: माग लागताच चाल मंदावते, कुत्रा दोन ते पाच पावलं हुंगतो आणि तीन ते पाच सेकंदांत दिशा ठरवतो. शेवटी पाठलाग, पुन्हा वेगाने. पुढे बेलफास्टमधल्या एका अभ्यासात दिसलं की दिशा कळायला लागोपाठची पाच पावलं पुरतात, तीन पुरत नाहीत. म्हणजे दोन पावलांमधल्या सेकंदभराच्या अंतराने वासात पडलेला फरक कुत्रा जोखतो. ते तीन-पाच सेकंद मनात नीट साठवून ठेव. बाहेरून पाहणाऱ्याला त्या क्षणी कुत्रा अडखळलेला, गोंधळलेला दिसतो, आणि नेमकं तेव्हाच प्रेमळ माणसाच्या तोंडून ‘इकडे बघ, इकडे’ निघतं. बोट पुढे होतं, पाय त्या दिशेला वळतात. पिल्लू मान वर करून तुझ्याकडे बघतं आणि हिशेब मध्येच मोडतो. पुढच्या वेळी ते हिशेब मांडायच्या भानगडीत न पडता आधी तुझ्याकडेच बघेल.

ही नुसती भीती नाही. बुडापेस्टमधल्या संशोधकांनी २००३ साली घरगुती कुत्र्यांसमोर भांडी ठेवून पाहिलं. खाऊ एका भांड्यात होता आणि माणूस बोट दाखवत होता रिकाम्या भांड्याकडे. नाक शाबूत असूनही कितीतरी कुत्रे बोटामागे गेले. हजारो वर्षं माणसाच्या सोबतीत राहिलेल्या जनावराचं हे शहाणपणच म्हणायचं. आपलं बोट त्याच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे, म्हणूनच ते जपून वापरायचं. आणि हे फक्त नवशिक्यांच्या बाबतीत घडतं असं समजू नकोस. कॅलिफोर्नियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमली पदार्थ किंवा स्फोटकं शोधणाऱ्या १८ श्वान-हस्तक जोड्यांना (कुत्रा आणि त्याला हाताळणारा माणूस) एका इमारतीत शोध घ्यायला सांगितलं. वास कुठेही ठेवलेला नव्हता. हस्तकांना मात्र सांगितलं होतं की काही ठिकाणी लाल कागद चिकटवून वासाची जागा दाखवली आहे. बहुतेक शोधांत ‘कुत्र्याने खूण दिली’ अशी नोंद झाली, आणि लाल कागदापाशी ती अधिक झाली. कुत्रे हस्तकांच्या देहबोलीला फसले की हस्तकांना नसलेली खूण दिसली, हे त्या प्रयोगातून सुटं करता येत नाही. आपल्यापुरतं दोन्हींचं तात्पर्य एकच. पगारी, अनुभवी माणसाच्या मनातली खात्री दोरीतून कुत्र्यापर्यंत झिरपते, तर तुझ्या-माझ्या मनातली लाडाची घाई झिरपणार नाही का?

यावर तू म्हणशील, आणि योग्यच म्हणशील, की इवलंसं पिल्लू आहे, सापडलं नाही तर हिरमुसेल, खेळाचा कंटाळा येईल. हा आक्षेप खरा आहे. सतत हरणारं पिल्लू खेळ सोडून देतं. पण त्यावरचा उपाय उत्तर सांगणं हा नाही, प्रश्न सोपा करणं हा आहे. नाही सापडलं तर त्याला शांतपणे बाजूला ने, खाऊ आणखी सोप्या जागी ठेव आणि पुन्हा सोड. शेवट त्याच्या स्वतःच्या विजयानेच झाला पाहिजे. स्वीडनमध्ये बीगल कुत्र्यांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही कुत्र्यांना स्वतः कोडं सोडवून बक्षीस मिळालं, तर काहींना तेच बक्षीस, पण त्यांच्या करण्याशी काही संबंध न ठेवता. सोडवणाऱ्यांच्या शेपट्या जास्त हलल्या आणि ते परत खोलीत शिरायला उत्सुक होते. आयतं मिळणाऱ्यांचा उत्साह ओसरत गेला. म्हणजे तू बोट दाखवून जो खाऊ मिळवून देतेस त्यातून पिल्लाचं पोट भरतं, पण शोधाचा जो आनंद त्याला द्यायला निघालीस तो तूच काढून घेतेस.

सुरुवात घरातच कर. अडीच खोल्यांचा फ्लॅट भरपूर झाला. कुणाला तरी पिल्लाला धरायला सांग, त्याच्या देखत उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा सोफ्याच्या पायाशी ठेव आणि ‘शोध’ म्हणून सोड. चार-पाच वेळा झालं की ठेवताना त्याला दुसऱ्या खोलीत ठेव. मग किराणा दुकानातून पुठ्ठ्याची सात-आठ खोकी आण, जमिनीवर पसर आणि एकातच खाऊ ठेव. खोकी लाथाडली, फाडली तरी चालेल. ज्यात खाऊ ठेवतेस ते खोकं मात्र वेगळं ठेव. सगळ्यांत चिकनचा वास मुरला तर तूच खोटा प्रश्न विचारलेला असशील. हे जमलं की दुसरा वास आणायचा. अमेरिकेत या खेळाच्या स्पर्धांत बर्च, अनीस आणि लवंग यांचे वास वापरतात. त्यातली लवंग आपल्या मसाल्याच्या डब्यातच आहे. भोकं पाडलेल्या छोट्या डबीत दोन-तीन अख्ख्या लवंगा घाल, काही दिवस ती डबी खाऊबरोबर खोक्यात ठेव आणि मग नुसती डबी. नाक डबीला टेकलं की तिथेच, डबीपाशीच, तुझ्या हातून खाऊ. लवंगेचं तेल वापरू नकोस, ते फार तीव्र असतं, आणि डबी चावायला मिळणार नाही एवढं बघ. पाच मिनिटांचा खेळ दिवसातून दोनदा पुरे. एवढ्याने ते दमून झोपी जाईल, कारण नाकाने विचार करणं हे कष्टाचं काम आहे.

माग काढणं हा याहून वेगळा आणि माझ्या मते अधिक सुंदर अभ्यास आहे. खोक्यांच्या खेळात वास एका ठिकाणाहून येतो. मागात वास ही वाट असते. माणूस गवतावरून चालतो तेव्हा मागे दोन गोष्टी राहतात: पायाखाली चिरडलेल्या गवताचा आणि दबलेल्या मातीचा वास, आणि अंगावरून सतत झडणाऱ्या त्वचेच्या सूक्ष्म कणांचा, म्हणजे त्या माणसाचा स्वतःचा वास. पहिला पावलांपाशी राहतो, दुसरा वाऱ्याने सरकून झुडपांच्या बुंध्याशी, चरांमध्ये, बांधाच्या कडेला साचतो. म्हणून एखादा कुत्रा पावलांवर नाक ठेवून जातो तर दुसरा तीन हात बाजूने, आणि दोघेही बरोबर असतात. आता पाऊस ओसरला आहे, पहाटे दव पडतं, जमीन ओलसर असते. माग शिकायला याहून चांगले दिवस नाहीत. कापणी झालेलं एखादं शेत मालकाला विचारून घे, किंवा पहाटेचं कॉलेजचं रिकामं मैदान. वारा पिल्लाच्या पाठीवर राहील अशी दिशा धर, नाहीतर ते मान वर करून हवेतला वास धरेल आणि जमीन सोडेल. लहान लहान पावलं टाकत पंधरा-वीस पावलं सरळ जा, प्रत्येक पावलाच्या ठशात खाऊचा नखाएवढा तुकडा ठेव, शेवटी तुझा जुना हातमोजा आणि त्याखाली घसघशीत बक्षीस. परत येताना लांबून वळसा घालून ये. पाचेक मिनिटं थांब, पिल्लाच्या गळ्यातला पट्टा सोडून हार्नेस घाल, पाच मीटरची दोरी लाव आणि पहिल्या पावलापाशी उभी राहा. पुढच्या आठवड्यांत तुकडे विरळ होतील, माग लांब होईल, मग शिळा होईल, मग त्याला एक वळण येईल.

वळणापाशी तुझी खरी परीक्षा आहे. पिल्लू वेगाने सरळ पुढे जाईल, दोन-तीन मीटरवर वास संपल्याचं त्याच्या लक्षात येईल, मान उचलेल, मग गोल फिरायला लागेल. तू जागच्या जागी थांब. दोरी बोलते, हे विसरू नकोस. ती किंचित ताणली तरी तिने ‘इकडे नाही’ म्हटलेलं असतं, आणि तुझं एक पाऊल चुकीच्या वेळी पुढे पडलं तर ‘इकडेच’ असं. हात वर धर, दोरी सैल सोड, डोळेसुद्धा वळणाकडे लावू नकोस. ते गोल फिरत येईल, वास लागेल, चाल मंदावेल, शेपटीची ढब बदलेल आणि दोरी तुझ्या हातातून सरसर पुढे जायला लागेल. त्या क्षणी तू त्याच्यामागून जायचं आहेस. वेळेचंही भान ठेव. ऊन चढलं की माग विरतो, आणि पिल्लू धापा टाकायला लागलं की हुंगणं मागे पडतं. इस्रायलमध्ये स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांवर २००३ साली झालेल्या अभ्यासात दमून धापा टाकणाऱ्यांची शोधण्याची क्षमता घटलेली दिसली. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हात सकाळी नऊनंतर माग टाकून पिल्लाला नापास ठरवणं हा अन्याय आहे.

तुझ्या बाबांचा आक्षेपही तू कळवलास: कुत्र्याला त्याच्या नाकाच्या मर्जीने चालू दिलं तर तो बेशिस्त होईल, आधी पायाशी चालायला शिकव. शिस्तीला माझा विरोध नाही. रहदारीत शिस्तच जीव वाचवते. पण शिस्त आणि स्वतः ठरवणं या एकमेकींना खाणाऱ्या गोष्टी नाहीत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वीस घरगुती कुत्र्यांचे दोन गट केले. एकाला दोन आठवडे वासाचे खेळ, दुसऱ्याला तेवढेच दिवस मालकाच्या पायाशी चालण्याचा सराव. आधी आणि नंतर त्यांच्यासमोर एक संदिग्ध भांडं ठेवलं, ज्यात खाऊ असेलही, नसेलही. वासाचे खेळ खेळलेले कुत्रे त्या भांड्याकडे पूर्वीपेक्षा लवकर गेले, म्हणजे चांगलं काही मिळेल या आशेने गेले. पायाशी चालणाऱ्यांत तसा फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठा इमला उभारू नये. पण स्वतः ठरवायला मिळालेलं जनावर जगाकडे अधिक आशेने बघतं, एवढं त्यातून दिसतं, आणि माझ्या लेखी ते पुष्कळ आहे. बाबांच्या समाधानासाठी एक कर: हार्नेस म्हणजे नाकाचं राज्य, गळ्यातला पट्टा म्हणजे तुझं. हा भेद पिल्लू चटकन शिकतं.

पिल्लू गावठी आहे, ‘जातिवंत’ नाही, म्हणून त्याला हे जमेल का, ही तुझी शंका वाचून मात्र वाईट वाटलं. जातींत फरक असतो, हे मी नाकारत नाही. हंगेरीतल्या २०१६च्या एका अभ्यासात वासासाठी पैदास केलेल्या जाती आखूड नाकाच्या जातींपेक्षा सरस ठरल्या. पण त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या एका प्रयोगात वासातला भेद ओळखायला शिकण्यात चपट्या नाकाच्या पग कुत्र्यांनी जर्मन शेफर्डना मागे टाकलं, आणि बहुतेक ग्रेहाउंडनी काम पुरंच केलं नाही. दोन्ही निकाल एकत्र ठेवून पाहिलं तर एवढं कळतं की नाकाइतकीच चिकाटी आणि आवड मोजली जाते. गावठी कुत्र्याचं नाक लांब, श्वास मोकळा, शरीर आपल्या हवेला सरावलेलं. त्याच्या पूर्वजांनी गल्लीबोळांत नाकाच्याच जोरावर पोट भरलं. कारवान किंवा पश्मी घरी असता तर मी म्हटलं असतं की तो डोळ्यांनी शिकार करणारा कुत्रा आहे, त्याला थोडा जास्त वेळ दे.

पावलांतल्या खाऊमुळे त्याला जमिनीवरचं खायची सवय लागेल, ही भीती मात्र मी सगळ्यात गंभीर मानते. रस्त्यावर उंदरांचं विष असतं, सडलेलं अन्न असतं. म्हणून पावलांतला खाऊ हा पहिल्या काही आठवड्यांचाच असू दे, आणि तो फक्त हार्नेस घातल्यावर, फक्त मैदानात. पुढे बक्षीस हातमोज्यापाशी, तुझ्या हातून. बक्षिसात चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा कधीही नको, ते त्याला विषारी आहे. लस पूर्ण झाल्याशिवाय बाहेरचा माग नको. डबक्यांपासून लांब ठेव, कारण उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याची लस मिळते, डॉक्टरांना विचार. गवतातून आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या, काखा तपासून गोचीड काढ. टेकडीवर गेलीस तर दोरी सुटू देऊ नकोस, तिथले मोर-ससे तिथले आहेत.

एक सांगायचं राहतं. १९९३च्या बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या श्वानपथकातल्या जंजीर या लॅब्रॉडॉरने स्फोटकांचे साठे शोधले. बीड पोलिसांचा रॉकी गेला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप दिला गेला, आणि तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात त्याने मदत केल्याचा उल्लेख ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये केला. अशी नावं ऐकली की सोसायटीत कुणीतरी म्हणतंच: तुमचा कुत्रा माग काढतो ना, मग माझी सायकल कुणी नेली ते दाखवू दे. हे कधीही करू नकोस. त्या वेळी तुझ्या मनात एखादं नाव आधीच असेल, बहुधा कामाला येणाऱ्या एखाद्या गरिबाचं, आणि पिल्लू तुझ्या मनातलं वाचून त्याच्याच दाराशी थांबेल. लाल कागदाची गोष्ट आठव. खेळ खेळच राहू दे.

महिना-दोन महिन्यांनी, पिल्लू तुझ्याकडे न बघता शोधायला लागलं की, माग टाकायचं काम धाकट्या भावाकडे दे आणि तू खिडकीपाशीही उभी राहू नकोस. कुठे वळला, कुठे हातमोजा ठेवला, हे तुला कळता कामा नये. भावाने लांबून बघावं आणि चुकलं तरी शेवटपर्यंत बोलू नये. तोपर्यंत स्वतः माग टाकशील तेव्हा वळणावर खूण म्हणून काडी रोवू नकोस. काडी दिसली की तुझे पाय आधी वळतील, आणि पिल्लू तुझ्या पायांचा माग काढेल. पहिल्या वळणाला किती वेळ लागला ते घड्याळ लावून मोज आणि मला कळव.

तुझी,
मावशी